छातीवरची गादी

मंगळवार, ४ ऑगस्ट

आजपासून मी आमच्या फुटबॉल क्लबाचा सेक्रेटरी. बिनविरोध. बिनविरोध म्हणजे माझं नाव सुचवलं गेलं तेव्हा बाकीचे चौघे छताकडे बघत होते.

मीटिंग नेहमीप्रमाणे अध्यक्षांच्या दवाखान्यात झाली. अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत. त्यांच्या वेटिंग रूममध्ये पाच खुर्च्या, म्हणून कमिटीही पाच जणांची. सहावा घ्यायचा तर त्याला आतल्या, मागे कलंडणाऱ्या खुर्चीत बसवावं लागेल, आणि त्या खुर्चीत बसून कुणी विरोध करत नाही असा डॉक्टरांचा अनुभव आहे.

मी स्वतः फुटबॉल खेळलेलो नाही. एकतीस वर्षं वजनमापं निरीक्षक होतो. रिटायर झाल्यापासून दर रविवारी मॅच बघतो. एकदा मॅचचा चेंडू काट्यावर ठेवून तो वीस ग्रॅमनी हलका असल्याचं मी सिद्ध केलं होतं. तेव्हापासून लोक मला मान देतात. निदान मी आलो की चेंडू लपवतात.

आधीचे सेक्रेटरी मुलीकडे कायमचे राहायला गेले. जाताना कागदपत्रं म्हणून एक बुटांचं खोकं देऊन गेले. त्यात तीन शिट्ट्या, कुणाच्या तरी गुडघ्याचा एक्स-रे आणि गादी कंपनीचं पत्र. पत्र महत्त्वाचं आहे. अकरा वर्षं आमच्या खेळाडूंच्या छातीवर गादी कंपनीचं नाव आहे. शर्ट त्यांचे, मैदानाचं भाडंही तेच भरतात. आता ही कंपनी एका मोठ्या कंपनीने विकत घेतली आणि पत्रात लिहिलंय की 'शर्टावरील जाहिरातीबाबत नव्याने विचार चालू आहे'.

लीगमध्ये नाव नोंदवायची शेवटची तारीख १२ सप्टेंबर. तोवर प्रायोजक नसेल तर मैदान सुटेल, आणि मैदान नसलेल्या क्लबाला लीग उभं करत नाही. म्हणजे सव्वा महिना.

"तुम्ही सरकारी माणूस, पत्रव्यवहार तुमच्या हातचा मळ," अध्यक्ष म्हणाले. नंतर लक्षात आलं, माझ्या आधी हे पद तिघांना विचारून झालं होतं.

क्लबाच्या नोंदवहीत जे लिहिता येत नाही ते या वहीत लिहायचं ठरवलंय.

गुरुवार, ६ ऑगस्ट

कंपनीला पत्र लिहिलं. चार पानं, शिवाय एक तक्ता. संध्याकाळी सूनबाईला वाचायला दिलं. घरात आम्ही तिघंच: मी, मुलगा आणि ती. मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो, त्यामुळे तो कायम कुठल्या तरी मजल्याच्या मधेच असतो. सून चष्म्याच्या दुकानात काम करते. लग्न होऊन आठ महिने झाले. मंगळवारी आणि गुरुवारी ती क्लासला जाते. तसं तिने पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. कसला क्लास ते मी विचारलं नाही, चष्म्याचाच असणार. लग्नानंतरही शिकते आहे याचं मला कौतुक आहे आणि ते मी चारचौघांत बोलूनही दाखवतो.

तिने पत्र वाचलं. म्हणाली, "बाबा, एक पान पुरे. आणि महिला संघाबद्दल एक तरी वाक्य घाला. गेल्या अकरा मॅचमध्ये आम्ही तीनच गोल खाल्लेत."

'आम्ही' म्हणाली. आठ महिन्यांत सासऱ्याचा क्लब तिला आपला वाटू लागला. मन भरून आलं. पण महिला संघाचं वाक्य काही घातलं नाही, विषय भरकटला असता.

तिचं उजव्या हाताचं बोट सुजलंय. काय झालं विचारलं तर म्हणाली, "अडवताना लागलं." त्या दुकानाचं दार फार जोरात बंद होतं, मी पाहिलंय. मुलाला म्हटलं, मालकाशी बोल, दाराला चांगली स्प्रिंग बसवून घे म्हणावं. तो पाणी पीत होता. त्याला ठसका लागला.

मंगळवार, ११ ऑगस्ट

पत्राला उत्तर नाही म्हणून स्वतःच कंपनीत गेलो. रिसेप्शनच्या सगळ्या खुर्च्या भरलेल्या. तिथल्या मुलीने कोपऱ्यातल्या पलंगाकडे हात केला. "तिथे बसा ना सर. लोकांनी बसून बघावं म्हणूनच ठेवलाय." नवीन प्रकारची गादी होती, टणक. मी अगदी कडेला बसलो. मग थोडा मागे सरलो.

जाग आली तेव्हा समोर चार माणसं उभी होती. घड्याळ बघितलं तर चाळीस मिनिटं गेलेली. माझे बूट कुणीतरी काढून नीट जोडीने ठेवले होते. चौघांतल्या बाई म्हणाल्या, "मी जाहिरात विभाग बघते. तुम्हाला उठवावंसं वाटेना. पाठ कशी वाटतेय?"

मी खरं ते सांगितलं. छान वाटत होती. त्यांनी ते लिहून घेतलं.

पुढची भेट चार मिनिटं चालली. मी तक्ता समजावला. त्या म्हणाल्या, "चांगला काढलाय. आम्ही विचार करून कळवतो." विचार करतायत म्हणजे अर्धं काम झालं. निघताना विचारलं, "तुमच्याकडे महिलांचीही टीम आहे ना? त्या कधी खेळतात?"

मी त्यांना निर्धास्त केलं. म्हटलं, "आहे, पण त्यांना मैदान फक्त मंगळवार-गुरुवारी पाच वाजता देतो. पुरुषांच्या खेळाला काही त्रास नाही."

त्या माझ्याकडे जरा वेळ बघत राहिल्या. माझा मुद्दा पटलेला दिसला. रविवारी पुरुषांची सरावाची मॅच आहे, तिला त्यांना आमंत्रण दिलं.

रविवार, १६ ऑगस्ट

हरलो. शून्य-पाच.

मी कारणमीमांसा लिहून ठेवतो. एक, आमचा पुढचा खेळाडू तोफ. त्याला तोफ म्हणतात ते पूर्वीच्या फटक्यामुळे, आता आकारामुळे. गाड्यांच्या सीटना कव्हरं घालायचं त्याचं दुकान आहे, वय एक्केचाळीस. दुसऱ्या मिनिटाला एकदा जोरात धावला आणि मग उरलेला वेळ त्या धावण्याबद्दल बोलत राहिला. दोन, वारा. तीन, समोरच्या संघाचे लोक घरून उशा घेऊन आले होते. आमच्यावर गोल झाला की उशा उंचावून हळू आवाजात म्हणायचे, "शू. उठवू नका त्यांना." अकरा वर्षं हेच चाललंय, पण आज उशांना पांढरे अभ्रे होते. म्हणजे तयारीने आले होते.

जाहिरातवाल्या बाई मध्यंतरालाच गेल्या. तेव्हा शून्य-तीन होतं. मी गाडीपर्यंत सोडायला गेलो. म्हणाल्या, "मला पाहायचं ते पाहून झालं." इतक्या कमी वेळात निर्णयापर्यंत येणारी माणसं हल्ली विरळा.

कोच शेजारी उभा होता. तो बस डेपोत मेकॅनिक आहे, दोन्ही संघांना तोच शिकवतो. तो काही बोलला नाही. त्याच्या तोंडात शिट्टी होती.

बुधवार, १९ ऑगस्ट

एक घोटाळा झाला. अध्यक्षांकडून कळलं की जाहिरातवाल्या बाई काल मैदानावर येऊन गेल्या, आणि नेमक्या पाच वाजता, महिलांच्या वेळेला. मी तिथे नव्हतो. पाचला मी फिरायला जातो, तेही उलट्या दिशेला, तिकडे चढ कमी आहे.

लगेच दिलगिरीचं पत्र धाडलं. 'आपणांस चुकीच्या वेळी, चुकीचा संघ पाहावा लागला याबद्दल खेद वाटतो.' सूनबाईला वाचून दाखवलं. ती ताटं मांडता मांडता थांबली. मग म्हणाली, "पाठवलंत का?"

"पाठवलं."

"मग आता काय," म्हणाली आणि ताट घेऊन बसली. भूक सपाटून लागली होती, दोनदा वाढून घेतलं. तिच्या कोपराला भलंमोठं खरचटलंय. त्या क्लासचा जिना फार वाईट असणार.

जेवताना मुलगा म्हणाला, "बाबा, एकदा मंगळवारी पाच वाजता ग्राउंडवर जाऊन या ना."

"कशाला?"

"सहज. सेक्रेटरी आहात."

मी म्हटलं, बघू.

गुरुवार, २७ ऑगस्ट

पत्र आलं. जसंच्या तसं उतरवतो: 'आपल्या क्लबाच्या संघाच्या शर्टावर जाहिरात करण्यास आमची कंपनी उत्सुक आहे. तपशील ४ तारखेच्या भेटीत ठरवू.'

पत्र घेऊन थेट दवाखान्यात गेलो. अध्यक्ष एका पेशंटच्या दाढेशी झटत होते. मी मोठ्याने वाचून दाखवलं. पेशंटही काहीतरी म्हणाला, अभिनंदनच असावं. तोफ दुकानातून धावत आला आणि त्याने मला मिठी मारली. माझा चष्मा त्याच्या खिशात गेला. "पंधरा वर्षं खेळतोय साहेब, त्यातली अकरा वर्षं या गादीसाठी लोळलोय," तो म्हणाला. "मला माहीत होतं, ते आपल्याला सोडणार नाहीत."

नोकरीत इतकी वर्षं दुकानदार माझ्याशी गोड बोलायचे, पण मनापासून कधी कुणाला माझ्या येण्याचा आनंद झाला नव्हता. आज झाला. हे लिहायला थोडं वेडगळ वाटतं, पण लिहितो.

परतताना कोच भेटला. आज शिट्टी तोंडात नव्हती. म्हणाला, "साहेब, कुठला संघ ते एकदा विचारून घ्या."

"कुठला म्हणजे? आपलाच."

"आपले दोन आहेत."

कोच स्वभावाने संशयी आहे. इंजिनं उघडून उघडून माणूस तसा होतो.

बुधवार, २ सप्टेंबर

शर्ट छापणारा म्हणाला, ऑर्डर आज दिली तर वेळेत, नाहीतर महिनाभर नाव काढू नका. शाळांचं काम अंगावर आहे त्याच्या. भेट परवा. पण पत्र हातात आहे, त्यात 'उत्सुक' असा स्पष्ट शब्द आहे. मी ऑर्डर दिली. बावीस शर्ट, पुरुषांच्या मापाचे, छातीवर कंपनीचं नाव पूर्वीपेक्षा दोन बोटं मोठं. मोठं करायची कल्पना माझी. तोफेच्या शर्टासाठी त्याला दोन शर्टांचं कापड जोडावं लागणार, म्हणजे तिथे नाव आणखी मोठं करता येईल.

कमिटीला विचारलं नाही. एक गोड धक्का देऊ.

शुक्रवार, ४ सप्टेंबर

आज लिहावंसं वाटत नाही, पण लिहितो.

बाईंनी चहा मागवला, मला नीट बसवलं, खुर्चीत. मग शांतपणे सांगितलं की कंपनीला महिला संघाच्या शर्टावर नाव हवं आहे. तीन वर्षांचा करार. मैदानाचं भाडं पूर्वीसारखंच पूर्ण क्लबासाठी भरतील. मात्र पुरुषांच्या शर्टावर कंपनीचं नाव असणार नाही.

मी म्हटलं, "म्हणजे दोन्ही संघ नाहीत?"

"नाही सर. आम्ही गावात लोकांना विचारलं, आमचं नाव ऐकल्यावर काय आठवतं. बहुतेकांना शून्य-पाच आठवलं. एक जण म्हणाला, झोपलेला गोलकीपर. आमची नवी गादी कडक आहे, पाठीसाठी. तुम्ही झोपला होतात तीच. त्यासाठी न वाकणारं कुणीतरी हवं होतं. ते तुमच्याकडे मंगळवारी पाच वाजता दिसलं."

पुढे म्हणाल्या, करारावर क्लबाची सही हवी आणि महिला संघाच्या कॅप्टनचीही. "त्या गोलकीपर आहेत ना, सगळ्या 'भिंत' म्हणतात त्यांना. त्यांच्याशी आमचं बोलणं झालंय. त्या म्हणाल्या, आधी सेक्रेटरींना सांगा, मी त्यांच्या आधी काही बोलणार नाही."

मी म्हटलं, बाई सभ्य दिसतात, माझी त्यांची ओळख नाही.

त्यांनी कप खाली ठेवला. "तुमची ओळख नाही?"

"नाही. कोचला विचारून घेईन."

त्या दाराशी पोचवायला आल्या आणि का कोण जाणे, माझ्या हातात दोन जादा बिस्किटं दिली.

घरी येऊन कुणाशी बोललो नाही. काय सांगू? तोफेला काय सांगू? छापखान्यात फोन केला, तर मालक म्हणाला, "साहेब, झाले बावीसही. नाव असं उठून दिसतंय की रस्त्यापलीकडून वाचता येईल." मी फोन ठेवला. इतकी वर्षं लोकांना सांगत आलो की माप आधी बघा आणि मग बोला, आणि स्वतः मात्र 'संघ' हा एक शब्द मोजून घेतला नाही.

मंगळवार, ८ सप्टेंबर

पाच वाजता मैदानावर गेलो. भिंतीची सही घ्यायची होती.

वीसेक मुली आणि बायका, दोन रंगांच्या जुन्या बनियनांत. कोच मला बघून चमकला आणि त्याने बोट गोलकडे केलं. गोलात डोक्याला पट्टी बांधलेली एक मुलगी ओरडत होती, "डावीकडे ये. अगं तुझ्या डावीकडे." आवाज ओळखीचा वाटला. माझा डावा कान जरा मंद आहे, म्हणून उजवा पुढे केला. तेवढ्यात समोरून एक सणसणीत फटका आला आणि ती आडवी झेपावली. जमिनीला समांतर. चेंडू तिच्या मुठीवर आपटून खांबाबाहेर गेला आणि ती धप्पकन पडली, ती थेट माझ्या पायाशी.

वर बघून म्हणाली, "बाबा, तुम्ही लाइनच्या आत उभे आहात."

मी दोन पावलं मागे गेलो.

सराव संपेपर्यंत पाऊण तास मी तिथेच उभा होतो. मग ती पाण्याची बाटली घेऊन शेजारी येऊन बसली. कोपराला मातीचा थर. मी म्हटलं, "तू क्लासला जाते म्हणाली होतीस."

"क्लबला जाते म्हणाले होते, बाबा. क्लबला. तुम्ही म्हणालात, अरे वा, शिक्षण सोडू नकोस. मला वाटलं, खेळाचं शिक्षण म्हणताय. महिनाभराने लक्षात आलं."

"मग तेव्हा का नाही सांगितलंस?"

"सांगणार होते. त्याच आठवड्यात तुम्ही जेवताना म्हणालात, बायकांमुळे मैदानाचं गवत जातं."

म्हणालो होतो. मला आठवतंय. मोजून दाखवलंही होतं, किती चौरस मीटर.

"बाकीच्या मुली विचारायच्या, तुझे सासरे आम्हाला तिसरा दिवस कधी देणार? मी काय सांगणार?" ती बुटाची नाडी सोडत होती. "आणि खरं सांगू, तुम्ही चारचौघांत माझ्या क्लासचं इतकं कौतुक करायचात, ते मोडवेना."

मी तिच्यासमोर करार ठेवला. तिने शेवटपर्यंत वाचला. मग विचारलं, "पुरुषांच्या टीमला सांगितलंत?"

"नाही."

"मग मी आज सही करत नाही. आधी कमिटीत ठरू दे. मागून कुणी म्हणायला नको की सासऱ्या-सुनेने घरात उरकलं."

घरी परतताना दोघं बरोबर चालत आलो. रस्त्यात तिला तीन जणींनी आणि एका भाजीवाल्याने 'भिंत' म्हणून हाक मारली. मला कुणी ओळखलं नाही.

शुक्रवार, ११ सप्टेंबर

कमिटीची मीटिंग. उद्या शेवटची तारीख.

मी आधी शर्टांचं कबूल केलं. बावीस शर्ट, न विचारता. कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. मग कराराचं सांगितलं आणि तोफ उठून उभा राहिला.

"दोघांना, नाहीतर कुणालाच नको," तो म्हणाला. "अकरा वर्षं आम्ही लोकांच्या उशा सोसल्या. नाव आमच्या छातीवर होतं म्हणून सोसल्या. आता कंपनी म्हणणार, तुमच्यामुळे आमची झोप उडाली. इज्जत आहे की नाही काही? नाकारा हे."

खजिनदाराने मान डोलावली. तो तोफेचा मेहुणा आहे. कोच म्हणाला, करार घ्या. अध्यक्ष म्हणाले, घ्यावा असं त्यांना वाटतं, पण तोफेचंही खरं आहे, पण घ्यावा. म्हणजे दोन विरुद्ध दोन, आणि राहिलो मी.

गप्प बसायची सोय नव्हती. मला तोफेची मिठी आठवत होती. हेही डोक्यात होतं की हो म्हटलं तर लोक म्हणतील, सुनेसाठी केलं. कमिटीत कुणाला माहीत नाही असं समजून मी घसा साफ करून सांगितलं की महिला संघाची कॅप्टन माझी सून आहे.

चौघांनी पुन्हा छताकडे बघितलं. मग अध्यक्ष हळूच म्हणाले, "म्हणूनच तर तुम्हाला सेक्रेटरी केलं."

आठ महिने सगळ्या गावाला माहीत होतं. खजिनदार म्हणाला, त्यांच्यात पैज लागली होती, मला कधी कळतं त्यावर. जिंकलं कोण ते मी विचारलं नाही.

मी खिशातून कागद काढला. तीन दिवस जुन्या मॅचचे आकडे जमवत होतो. महिला संघ, अकरा मॅच, तीन गोल खाल्ले, नऊ मॅच जिंकल्या. पुरुष संघ, अकरा मॅच, चौतीस गोल खाल्ले, एक जिंकली, तीही समोरच्या संघाची बस बंद पडली म्हणून. ती बस आमच्याच कोचच्या डेपोतली होती, हेही वाचलं. म्हटलं, "वजन कुणाचं जास्त हे मी आयुष्यभर काट्यावर बघत आलो. तोंड बघून नाही. इथे मी महिनाभर तोंड बघूनच काम केलं. माझं मत कराराच्या बाजूने."

तोफ खाली बसला. मग विचारलं, "त्या एकदा आमच्याविरुद्ध खेळतील का? सरावाला?"

कोच म्हणाला, "विचारतो. पण तुम्ही हराल."

"ते माहीत आहे," तोफ म्हणाला. "मला तिच्यावर एक फटका मारून बघायचाय."

सूनबाई बाहेर जिन्यात बसली होती. आत येऊन उभ्या उभ्या सही केली. कमिटीच्या पाच खुर्च्यांमधून कुणी उठलं नाही. मी उठलो. ती बसली. मग उरलेली मीटिंग मी आतल्या कलंडणाऱ्या खुर्चीत बसून ऐकली. महिलांना मैदानाचा तिसरा दिवस द्यायचा ठराव तेव्हाच झाला. मी विरोध केला नाही.

शनिवार, १२ सप्टेंबर

नोंदणी झाली, दोन्ही संघांची. दुपारी एक वाजता.

बावीस शर्टांचं असं ठरलं की पुरुष ते उलटे घालून खेळतील. नाव आतल्या बाजूला जातं. तोफ म्हणाला, चांगलं आहे, आता निदान हृदयाजवळ राहील. नंबरही आत जातात, ते कोच पाठीवर मार्करने लिहिणार आहे.

रविवार, २० सप्टेंबर

लीगचा पहिला दिवस. सकाळी पुरुष. एक-एक बरोबरी. उशावाले लोक आले होते. छातीवर काहीच नाही म्हटल्यावर त्यांना ओरडायलाही काही सुचेना. मध्यंतरानंतर त्यांनी उशा खाली टाकल्या आणि त्यांवर बसून मॅच बघितली. आमचा गोल तोफेने केला. चेंडू त्याच्या पोटाला लागून आत गेला. संध्याकाळपर्यंत तो फटका होता असं ठरलं होतं.

दुपारी महिला. नवे शर्ट, छातीवर कंपनीचं नाव, नीट मापाचे. जाहिरातवाल्या बाई पहिल्या रांगेत. मैदानाभोवती एवढी माणसं मी कधी पाहिली नव्हती. आणि शून्य-एक हरल्या. शेवटून तिसऱ्या मिनिटाला चेंडू एका बचावपटूच्या पायाला लागून वळला आणि सूनबाईच्या दोन पायांमधून गेला.

मी बाईंकडे बघितलं. करार तीन वर्षांचा आहे हे मी मनातल्या मनात दोनदा म्हटलं. त्या उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. "सर, शून्य-एक चालतं," त्या म्हणाल्या. "शून्य-पाच विसरायला निदान सुरुवात झाली."

सूनबाई रात्री घरी आली. जेवायला बसली, चार घास खाल्ले, आणि ताट बाजूला सारून उठली. मुलाला म्हणाली, "तू ऊठ. तू त्यांची सेंटर फॉरवर्ड. इथून, ओट्यापासून येतेस." मग माझ्याकडे वळली. "बाबा, तुम्ही लेफ्ट बॅक. फ्रिजपाशी उभे राहा."

मी हात धुऊन फ्रिजपाशी उभा राहिलो. ती दारात, चौकटीला दोन्ही हात लावून. मुलाने गुंडाळलेले मोजे लाथेने ढकलले. मला वाटलं आता आपण अडवावं, म्हणून मी पुढे झालो. मोजे माझ्या घोट्याला लागले, वळले आणि तिच्या पायांमधून बाहेरच्या खोलीत गेले.

"हेच," ती म्हणाली. "अगदी हेच झालं. तुम्ही पुढे का आलात?"

"मला वाटलं—"

"वाटून घ्यायचं नाही, बाबा. मी ओरडले की हलायचं. तोवर फ्रिज सोडायचा नाही."

मी परत फ्रिजपाशी गेलो. मुलगा मोजे आणायला गेला.